पपई-जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण: विदर्भातल्या घरच्या वाडीसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी लागला की गावात एकच विषय निघतो. कुणाची पपई पांढरी पडलेली असते, कुणाच्या जास्वंदीला कळ्याच येत नाहीत, तर कुणाच्या अंबाडीचे शेंडे आखडलेले असतात. गेली काही वर्षं मी आमच्या आणि शेजारपाजारच्या वाड्यांमधून ही कीड बघतो आहे, उपाय करून बघतो आहे. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. शेतातल्या कपाशीचं नियोजन हा वेगळा विषय आहे. हे सगळं घराभोवतीच्या झाडांपुरतं आहे.

पपईच्या पानामागे पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसतो. ही बुरशी आहे का?

नाही, ती जिवंत कीड आहे. मराठीत तिला पिठ्या ढेकूण म्हणतात, कृषी केंद्रावर सगळे ‘मिलीबग’ म्हणतात. खात्री करायची असेल तर आगपेटीची काडी घ्या आणि तो पांढरा थर हलकेच बाजूला सारा. खाली लांबट गोल, मऊ अंगाचे, पिठात घोळल्यासारखे किडे दिसतील. बुरशी असेल तर नुसती पावडर हाताला लागते, खाली अंग असलेलं काही सापडत नाही.

हे किडे पानाच्या मागच्या बाजूला, शिरांच्या कडेने, देठाच्या बेचक्यात आणि फळाच्या देठाशी गर्दी करून बसतात. सोंड आत खुपसून रस शोषत राहतात. अंगावरचं पीठ म्हणजे त्यांनीच तयार केलेलं मेण. या मेणामुळे पाणी आणि औषध त्यांच्या अंगावरून ओघळून जातं. पुढच्या बऱ्याच उत्तरांमध्ये हे मेण पुन्हा पुन्हा येणार आहे, म्हणून एवढं लक्षात ठेवा.

सगळे पिठ्या ढेकूण एकच असतात का?

आपल्या वाडीत मुख्यतः तीन भेटतात आणि थोडं निरखलं तर वेगळे ओळखता येतात.

पपईवरचा ढेकूण अंगाने पिवळा असतो, साधारण दोन मिलिमीटरचा. काडीने चिरडला की पिवळा रस निघतो. मादीच्या मागे कापसासारखी लांब पिशवी असते, तिच्यात शंभरापासून सहाशेपर्यंत हिरवट पिवळी अंडी असतात. पपईशिवाय तो जास्वंद, चाफा, तुती, मोगली एरंड आणि गाजरगवतावरही राहतो.

कपाशीवरचा ढेकूण याच्याहून मोठा. त्याच्या पाठीवर काळसर ठिपक्यांच्या दोन रांगा दिसतात, जणू कोणी बोटाने पीठ पुसून दोन रेघा ओढल्यात. तो जास्वंद, भेंडी, वांगी, टमाटे यांच्या कोवळ्या फांद्यांवर आणि खोडावर बसतो. त्याची मादी बहुतेक वेळा थेट चालती-फिरती पिल्लंच देते, म्हणून त्याची संख्या बघता बघता वाढते.

तिसरा गुलाबी. मेण बाजूला केलं की अंग गुलाबी दिसतं आणि चिरडला तर लालसर रस निघतो. जास्वंदीचा आणि अंबाडीचा शेंडा एकदम आखडून गुच्छ झाला असेल, पानं मुठीसारखी मिटली असतील, तर पहिला संशय याच्यावर घ्या. हा आशियातला जुनाच रहिवासी आहे. बाकीचे दोघे परदेशातून आलेले.

मग हे दोघे आले कुठून? आमच्या लहानपणी तर नव्हते.

बरोबर आहे, नव्हतेच. पपईवरचा ढेकूण मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. भारतात तो पहिल्यांदा २००८ साली तामिळनाडूत कोइम्बतूरला सापडला. तिथल्या पपईच्या, तुतीच्या आणि टॅपिओकाच्या बागांची त्याने दोन वर्षं फार वाईट अवस्था केली. पुढे तो महाराष्ट्रातही पोचला.

कपाशीवरचा ढेकूण उत्तर अमेरिकेतला. २००५-०६च्या सुमारास तो आपल्या देशातल्या कपाशीवर दिसू लागला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने नंतर नऊ राज्यांतून नमुने गोळा केले, तेव्हा कपाशीवर सगळ्यात जास्त हाच आढळला.

बाहेरून आलेली कीड इतकी का माजते, तेही समजून घ्या. तिच्या मूळ मुलखात तिला खाणारे शंभर शत्रू असतात. इथे ती एकटी आली, शत्रू तिकडेच राहिले. म्हणून पहिली काही वर्षं तिला मोकळं रान मिळालं. आता तिचे शत्रूही आपल्याकडे आहेत आणि तुमच्या झाडावरही असू शकतात.

पांढरं दिसलं की चिरडायचं का?

थांबा, आधी नीट बघा. माझी स्वतःची सगळ्यात मोठी चूक इथेच झाली होती. जास्वंदीवर पांढऱ्या झिपऱ्यांची, लांबट, मोठी दिसणारी ‘ढेकणं’ होती. मी चिमटीने एकेक काढून मारली. नंतर कळलं की ती क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची पिल्लं होती, म्हणजे ढेकणं खाणारीच. हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियातला, १८९८ साली मुद्दाम भारतात आणलेला. मोठा झाला की काळ्या पाठीचा आणि नारिंगी डोक्याचा दिसतो. त्याची पिल्लं मात्र पिठ्या ढेकणासारखीच पांढऱ्या मेणाची झूल पांघरून फिरतात.

फरक असा: पिठ्या ढेकणाला काडी लावली तर तो जागचा फारसा हलत नाही, हलला तरी रेंगाळत. भुंगेऱ्याचं पिल्लू तुरुतुरु पळतं. त्याच्या झिपऱ्या लांब आणि विस्कटलेल्या असतात. ते बहुधा ढेकणांच्या गर्दीत एकेकटं फिरताना दिसतं.

आणखी एक पाहुणा आहे, आणि तो बघायला मिळाला तर पोरांना नक्की दाखवा. ‘एपफ्लाय’ नावाचं एक छोटं, तपकिरी फुलपाखरू आहे. त्याची अळी पानं खात नाही, पिठ्या ढेकूण खाते. ती अंगावर त्यांचंच पीठ घेऊन बसते, त्यामुळे पटकन ओळखू येत नाही. तिचा कोष समोरून बघितला तर हुबेहूब माकडाचं तोंड दिसतं. पानावर असा नखाएवढा वानर चिकटलेला दिसला, तर त्या झाडाला हात लावू नका.

पेरूच्या आणि पपईच्या पानामागे पांढऱ्या मेणाची गोल गोल वेटोळी दिसली आणि फांदी हलवताच बारीक पांढऱ्या माश्या उडाल्या, तर ती चक्राकार पांढरी माशी. तीही बाहेरूनच आलेली, पण वेगळी कीड आहे. पिठ्या ढेकणाची मादी उडत नाही, तिला पंखच नसतात. आणि पपईची पानं वेडीवाकडी, पिवळी-हिरवी झाली पण पांढरं काहीच नाही, तर तो विषाणूचा रोग समजा. त्यावर इथे सांगितलेला एकही उपाय चालणार नाही.

पानं चिकट झालीत, वर काजळी धरली आहे. हा दुसरा रोग आहे का?

तो याच किडीचा परिणाम आहे. ढेकूण जितका रस पितो त्यातला बराचसा गोड चिकटा म्हणून बाहेर टाकतो. तो खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. बुरशी पानाच्या आत जात नाही, पण पान झाकून टाकते, मग झाडाला उन्हाचा उपयोग करता येत नाही. ढेकूण गेला की चिकटा थांबतो आणि काजळी पावसात धुऊन जाते. काजळीसाठी वेगळं बुरशीनाशक आणू नका, पैसे वाया जातात.

झाडावर मुंगळ्यांची रांग लागली आहे. ते ढेकूण खायला येतात ना?

खायला नाही, दूध काढायला येतात असं समजा. मुंग्या-मुंगळे त्या गोड चिकट्यासाठी ढेकणांना गुरांसारखं पाळतात. त्यांच्या भोवती पहारा देतात, भुंगेऱ्याला आणि ढेकणं मारणाऱ्या बारीक गांधीलमाशीला हुसकावून लावतात. मी तर म्हणेन, निम्मं काम मुंग्या अडवण्याचंच आहे. मुंग्या थांबल्या की मित्रकीटकांना वाट मोकळी होते आणि बऱ्याच झाडांवर पुढे काही करावंच लागत नाही.

अडवायचं कसं? खोडाला, जमिनीपासून हातभर उंचीवर, जुन्या लुगड्याची किंवा पोत्याची चार बोटं रुंद पट्टी गुंडाळा. तिच्यावर प्लास्टिकचा कागद बांधा आणि त्या कागदावर ग्रीस किंवा एरंडीचं तेल जाडसर लावा. ग्रीस थेट खोडाला कधीच फासू नका, पपईचं खोड मऊ असतं, ते सडतं. धूळ बसली की ग्रीस निकामी होतं, उन्हाळ्यात ते आठवड्याला बदलावं लागतं.

आता ज्यात बहुतेक जण फसतात ते: झाडाची एखादी फांदी भिंतीला, कुंपणाला किंवा कपडे वाळत घालायच्या तारेला टेकलेली असते. मुंग्या तिकडून येतात आणि खालची पट्टी कोरडीच राहते. ती फांदी आधी छाटा.

कीड दरवर्षी त्याच कोपऱ्यातून का सुरू होते?

त्या कोपऱ्यात काय ठेवलं आहे, ते बघा. माझ्या अनुभवात दहापैकी आठ घरी उत्तर एकच निघतं: पऱ्हाट्यांचा ढीग.

कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटून आपण घरी आणतो. चुलीसाठी, कुडासाठी, गोठ्याच्या आडोशासाठी. त्या वाळत असताना खोडाच्या सालीत, सुकलेल्या बोंडांच्या खाचेत ढेकूण जिवंत असतात. पऱ्हाटी वाळली की ते बाहेर पडतात आणि जवळची हिरवी गोष्ट शोधतात. ती तुमची जास्वंद असते, नाहीतर भेंडी. पऱ्हाट्यांवर गुलाबी बोंडअळीही मुक्काम करते हे तर तुम्हाला माहीतच आहे, म्हणजे ढीग दोन्हीकडून घातक.

चूल पेटवायला सरपण लागतं, ढीग करूच नका असं मी म्हणणार नाही. पण तो वाडीपासून लांब, ढिगावरून वारा झाडांकडे येणार नाही अशा जागी करा. पाऊस पडायच्या आत संपवा. शेतात ज्या ओळींवर पांढरं दिसलं होतं, त्या पऱ्हाट्या घरी आणूच नका, तिथेच जाळून टाका.

दुसरी जागा म्हणजे कुंपणाकडेचं गाजरगवत, पेटारी आणि आघाडा. घरची झाडं धुऊन काढली आणि ही तणं तशीच ठेवली, तर तीन आठवड्यांनी पहिले पाढे पंचावन्न.

आज संध्याकाळी नेमकं काय करू?

झाडाकडे दोन मिनिटं बघून ठरवा.

चार-दोन पानांवरच असेल, तर ती पानं जुन्या सिमेंटच्या किंवा खताच्या पिशवीत तोडून टाका, तोंड बांधा आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन बाकीचं काम करतं. उकिरड्यावर टाकलेलं पान मात्र कीड पुन्हा पसरवतं, विशेषतः गुरं-बकऱ्या तिथे चरत असतील तर.

बऱ्याच पानांवर असेल, तर पाण्याचा मारा हा पहिला आणि सगळ्यात चांगला उपाय. फवारणी पंपात नुसतं पाणी घ्या, नोझल जवळ धरा आणि पानाच्या मागून जोराने मारा. पिल्लं धुऊन जातात, मेण सुटतं. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते, मला कल्पना आहे. धुण्याभांड्यांचं दुसरं, कमी साबणाचं पाणी गाळून घेतलं तरी चालतं. मुळाशी डबकं साचू देऊ नका, पपईला ते सहन होत नाही.

धुतल्यावर एक-दोन तासांनी, ऊन उतरल्यावर, निंबोळी अर्क मारा. मेण आधीच सुटलेलं असतं, त्यामुळे अर्क अंगाला लागतो. कोरड्या मेणावर मारलेला अर्क बहुतेक वाया जातो.

निंबोळी अर्काचं घरगुती माप काय?

पाच टक्क्यांचा अर्क पाहिजे. पाच लिटर फवारणीसाठी पाव किलो निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी हाताने चोळून कापडातून गाळा, पाणी घालून पाच लिटर करा. त्यात दहा ग्रॅम साधा धुण्याचा साबण किसून, विरघळवून घाला, त्यामुळे अर्क पानाला धरतो. तयार अर्क त्याच दिवशी संध्याकाळी मारा. कडुनिंबातलं औषध उन्हात लवकर निकामी होतं.

निंबोळ्या गोळा करायचा हंगाम म्हणजे जून. गर काढा, सावलीत वाळवा आणि हवा खेळेल अशा तागाच्या पोत्यात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत त्यांना बुरशी लागते. वर्षापेक्षा जुन्या निंबोळ्यांवर भरवसा ठेवू नका.

एकदा फवारलं, आठ दिवसांनी पुन्हा आली. औषध बोगस होतं का?

औषधाला दोष देऊ नका. मादीच्या पिशवीतल्या अंड्यांपर्यंत अर्क पोचत नाही. ती अंडी साधारण दहा दिवसांत फुटतात आणि नवी पिल्लं बाहेर येतात. या पिल्लांच्या अंगावर अजून मेण चढलेलं नसतं, तीच मारायची खरी वेळ. म्हणून दर आठ-दहा दिवसांनी, सलग तीन वेळा. दोनदा करून थांबलं की सगळी मेहनत वाया जाते.

साबण, राख, रॉकेल, यातलं काय चालतं?

साबणाचं पाणी चालतं, लिटरला पाच ग्रॅम, पण पपईचं पान नाजूक आहे. आधी एका पानावर मारून दोन दिवस वाट बघा. पान करपलं नाही तर पुढे जा. राखेने मला फारसा फरक दिसला नाही. रॉकेल अजिबात नको, पानं जळतात.

व्हर्टिसिलियमची पावडर आणली आहे, मारू का?

पावसाळ्यात मारा, लिटरला पाच ग्रॅम, संध्याकाळी. ही बुरशी आहे, किडीच्या अंगावर उगवायला तिला ओलावा लागतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत मारली तर काही होणार नाही. तिच्यासोबत बुरशीनाशक मिसळू नका.

कपाशीला आणलेलं औषध उरलं आहे. थोडंसं पपईला मारलं तर?

नका मारू. हे उत्तर मी हात जोडून देतो.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना कितीतरी शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. मोकळ्या शेतात हे झालं. घरच्या वाडीत तर विहीर आहे, पिण्याचं पाणी आहे, कोंबड्या आहेत, रांगतं लेकरू आहे, आणि ती पपई चार दिवसांनी कापून खायची आहे. औषधाच्या डब्यावर जे पीक लिहिलेलं असतं त्याच पिकासाठी ते असतं. मोनोक्रोटोफॉसला तर भाजीपाल्यावर बंदीच आहे.

दुसरं कारण शेतीचंच आहे. मेणाखालचा ढेकूण या विषातून बऱ्यापैकी वाचतो. उघड्यावर फिरणारा भुंगेरा आणि गांधीलमाशी मात्र पहिल्याच फवारणीत मरतात. महिनाभराने ढेकूण दुपटीने येतो, कारण त्याला खाणारं कोणी उरलेलं नसतं. आमच्या गावात ज्या वाड्यांमध्ये सगळ्यात जास्त विष पडलं, त्याच वाड्या मला सगळ्यात जास्त पांढऱ्या दिसल्या आहेत.

चुकून कोणाला मळमळ, घाम, अंधारी, श्वासाचा त्रास झाला, तर कपडे बदलून अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच सरकारी दवाखाना गाठा. लिंबूपाणी पाजत घरी थांबू नका.

ढेकूण खाणारी गांधीलमाशी म्हणजे काय? ती विकत मिळते का?

ती आपल्या ओळखीची डंख मारणारी गांधीलमाशी नाही. मोहरीच्या दाण्याहूनही लहान, माणसाला काहीही न करणारी. पपईच्या ढेकणासाठी अ‍ॅसेरोफॅगस नावाची जात २०१० साली प्वेर्तो रिकोहून शेतीतल्या कीटकांवर काम करणाऱ्या बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने मागवली, वाढवली आणि त्याच वर्षी तामिळनाडूत सोडली. तिथल्या बागा तिनेच सावरल्या. कपाशीच्या ढेकणावरची एनॅसियस ही जात तर कोणी न सोडता आपल्या शेतांमध्ये सापडली.

ही माशी ढेकणाच्या अंगात अंडं घालते, पिल्लू त्याला आतून खातं. मेलेला ढेकूण फुगून तपकिरी, कडक, पिंपासारखा होतो आणि त्याला एक गोल भोक पडलेलं दिसतं. भोक असेल तर माशी बाहेर पडली, नसेल तर आत आहे.

विकत आणायच्या आधी आपल्याच झाडावर अशी तपकिरी पिंपं शोधा. दहा ढेकणांत दोन-तीन जरी दिसली, तरी त्या झाडावर अर्कसुद्धा मारू नका. मुंग्या अडवा आणि तीन आठवडे वाट बघा. शेजारच्या पपईवर कीड असेल आणि पिंपं नसतील, तर पिंपं असलेलं एखादं पान तोडून त्या पपईच्या फांदीला दोऱ्याने बांधा. स्वच्छ झाडाला बांधू नका, पानाबरोबर बारीक पिल्लंही जातात.

पाऊस पडला की जाते म्हणतात, खरं का?

बरीचशी जाते. जोराच्या सरींनी पिल्लं धुतली जातात. पण सालीच्या खाचेत, खोडाच्या बुंध्याशी काही उरतात आणि हिवाळा संपता संपता पुन्हा वर चढतात. दिवाळीनंतर पंधरा दिवसांतून एकदा पानं उलटून बघायची सवय लावून घ्या.

पपई तोडून टाकावी का?

शेंडा पूर्ण आखडला असेल, नवं पानच येत नसेल आणि फळं पांढऱ्या थराखाली सुकत असतील, तर तोडा. तोडण्याआधी झाड धुऊन घ्या, नाहीतर पडताना पिल्लं सगळीकडे उधळतात. तुकडे करून जाळा किंवा खोल पुरा. जास्वंद मात्र सहसा तोडावी लागत नाही, गुच्छ झालेले शेंडे वीतभर खालून छाटले की ती पुन्हा फुटते.

कीड लागलेली पपई खाल्ली तर चालते का? हा ढेकूण माणसाला चावतो का?

पपई धुऊन, साल काढून खुशाल खा, विष मारलेलं नसेल तर. आणि नाही, चावत नाही. गादीतल्या ढेकणाशी त्याचं फक्त नाव जुळतं.

बाजारातून रोप आणताना काय बघायचं?

पानाची मागची बाजू आणि देठाची बेचकी. शंका असो-नसो, आणलेलं रोप पंधरा दिवस बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा. आमच्या गल्लीत चाफ्यावरची कीड एका सुंदर, फुलांनी लगडलेल्या कुंडीतूनच आली होती.

तरी ओळख पटत नाही. कुणाला दाखवू?

जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या, किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात. फोनवर विचारायचं तर किसान कॉल सेंटर, १८००१८०१५५१, मराठीत बोलतात. फोटो काढताना पानाची मागची बाजू उजेडात धरा आणि शेजारी तांदळाचा दाणा ठेवा, म्हणजे आकार कळतो.

नमुना न्यायचा असेल तर छोट्या बाटलीत दवाखान्यातलं स्पिरिट घ्या आणि पाच-सहा ढेकूण त्यात टाका. पपईवरचा ढेकूण स्पिरिटमध्ये हळूहळू निळसर काळा पडतो. बाटलीवर झाडाचं नाव, गावाचं नाव आणि तारीख लिहून चिकटवा.